कृपेचे दार आणि पुण्याईचा गर्व



पैनगंगेच्या काठी, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्यातील तालुका. कापूस, तेंदूपत्त्याचे जंगल आणि कोलामांचे पोड ही त्याची ओळख असावयास हवी होती. पण गेल्या काही दशकांत वृत्तपत्रांनी उर्वरित महाराष्ट्राला या तालुक्याची ओळख करून दिली ती 'कुमारी माता' या दोन शब्दांनी. कोलाम, गोंड अशा आदिवासी समाजांतील गरीब मुली. बाहेरून कामाच्या किंवा व्यापाराच्या निमित्ताने आलेली माणसे. लग्नाचे किंवा पैशाचे आमिष. आणि मागे उरलेली आई व मूल. किती मुलींच्या वाट्याला हे आले, या आकड्यावरून वाद झाले. सरकारी मोजणी एक सांगत राहिली, संस्था-संघटना दुसरेच सांगत राहिल्या. आकड्यांच्या या वादात एक साधी गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. या प्रकरणातल्या स्त्रीला समाजाने एक नाव दिले. पुरुषाला कोणतेच नाव दिले नाही. त्याच्यासाठी मराठीत शब्द घडविण्याची गरजच कोणाला भासली नाही.

असे का होते? याचे आर्थिक उत्तर कार्यकर्त्यांना ठाऊक आहे आणि ते खरेही आहे. पण ते पुरेसे नाही. जो समाज त्या मुलीकडे बोट दाखवितो, त्याच्या मनात स्वतःच्या पुण्याईचा एक हिशेब असतो. 'आमच्या घरात असे होत नाही' या वाक्यात सहानुभूतीपेक्षा समाधान अधिक असते. या समाधानाला ख्रिस्ती परंपरेने एक रोखठोक नाव दिले आहे. ते नाव म्हणजे गर्व. आणि या गर्वावरचा उतारा म्हणून तिने जी कल्पना मांडली, ती म्हणजे देवाची कृपा: जी मागणाऱ्या कोणालाही नाकारली जात नाही आणि जी कोणाच्याही कमाईची नसते. धर्म मानणाऱ्याने आणि न मानणाऱ्यानेही ही कल्पना एकदा नीट समजून घ्यावी, असे तिच्यात बरेच काही आहे.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा प्रतिष्ठित गृहस्थ; दुसरा जकातदार, म्हणजे परकीय रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा, सर्वांच्या तिरस्काराचा धनी. परूशी देवाचे आभार मानतो. कशाबद्दल, तर आपण इतरांसारखे, विशेषतः त्या जकातदारासारखे नाही, याबद्दल. आठवड्यातून दोन उपवास आणि उत्पन्नाचा दशांश दान, हा आपला हिशेबही तो सादर करतो. जकातदार दूर उभा राहून केवळ दयेची याचना करतो. येशूचा निवाडा असा, की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

या दृष्टांताचा सोयीस्कर अर्थ लावणे फार सोपे आहे. 'गर्विष्ठ माणूस वाईट, नम्र माणूस चांगला' एवढेच तात्पर्य काढून पुढे जाता येते. पण त्यातला खरा दंश वेगळा आहे. परूशी खोटे बोलत नाही. त्याचे उपवास खरे आहेत, दानही खरे आहे. तो ढोंगी असता तर दृष्टांत निरुपद्रवी झाला असता. दोष त्याच्या सत्कृत्यांत नाही. त्या सत्कृत्यांचे भांडवल करून तो शेजारच्या माणसापेक्षा उंच उभा राहतो, यात आहे. त्याच्या प्रार्थनेत देवाकडे मागण्यासारखे काही उरलेलेच नाही. ज्याची ओंजळ स्वतःच्या पुण्याईने आधीच भरलेली आहे, त्याच्या ओंजळीत देव तरी काय घालणार? ख्रिस्ती विचारवंतांनी गर्वाला सर्व पापांचे मूळ मानले, त्याचे कारण हेच. इतर पापे करणाऱ्याला आपल्याला काही हवे आहे, याची जाणीव तरी असते. गर्व ती जाणीवच पुसून टाकतो. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण हे कृपेने आहे, कर्माने नाही, असे सांगताना त्याचे कारणही दिले आहे: कोणी बढाई मारू नये म्हणून.

दुसरा दृष्टांत मत्तयाच्या शुभवर्तमानातला, आणि तो तर शेतमजुरीचाच आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, एक दीनार मजुरी ठरवितो. मग दिवसभरात अनेकदा तो चौकात जातो आणि रिकामे उभे असलेले आणखी मजूर घेऊन येतो. अगदी शेवटच्या तासालाही. दिवसभर इथे का उभे राहिलात, असे विचारल्यावर ते सांगतात की कोणी कामावर घेतलेच नाही. संध्याकाळी सर्वांना एकच एक दीनार मिळतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात.

मजुरांच्या ठिय्यावर दुपारपर्यंत कोणी न बोलावलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा दृष्टांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कापसाच्या वेचणीत मजुरी किलोवर मिळते. तरण्या हाताची बाई सायंकाळी काट्यावर मोठे गाठोडे ठेवते. म्हातारीचे, आजारी बाईचे, अंगावर पिणारे मूल असलेल्या बाईचे गाठोडे लहान असते. काटा प्रत्येकीच्या कापसाचे वजन सांगतो. त्यांच्या घरी चुलीवर किती जणांचे शिजावयाचे आहे, हे तो सांगत नाही. दृष्टांतातील मालक काट्यापलीकडचा हा दुसरा प्रश्न विचारतो. शेवटच्या मजुराच्याही घरी तेवढीच भूक आहे, हे तो ओळखतो. जॉन रस्किन यांनी १८६० साली लिहिलेल्या अर्थशास्त्रावरील निबंधांना याच दृष्टांतातल्या शब्दांवरून 'अन टू धिस लास्ट' हे नाव दिले. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी ते पुस्तक वाचले आणि १९०८ साली त्याचा सारांश गुजरातीत 'सर्वोदय' या नावाने लिहिला. म्हणजे 'सर्वोदय' या शब्दाचा जन्मच कृपेच्या एका दृष्टांतापाशी झाला आहे.

ही झाली कल्पना. ती महाराष्ट्राच्या मातीत उतरली तेव्हा तिचे काय झाले, हे पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. १८५८ साली जन्मलेल्या, संस्कृत विद्येच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळविलेल्या रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या ख्रिस्ती का झाल्या, याची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांनी स्वतः पुढे आपल्या आत्मनिवेदनात जे सांगितले, ते येथे महत्त्वाचे आहे. वाँटेजच्या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे 'पतित' म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालविला होता. तो रमाबाईंनी पाहिला. अशा स्त्रियांना शिक्षा करावयाची, हे त्यांनी शास्त्रांत वाचले होते. त्यांची प्रेमाने शुश्रूषा करणारी माणसे त्या प्रथमच पाहत होत्या. हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्या कथेतला येशू परजातीच्या आणि बदलौकिक असलेल्या त्या स्त्रीकडे पिण्यास पाणी मागतो. तिला देण्याआधी तो तिच्याकडून घेतो. स्पृश्यास्पृश्यतेच्या देशातून आलेल्या विदुषीला या एका कृतीतले मर्म उमगले नसते तरच नवल!

रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे निराधार मुली व विधवा आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या वसाहतीत अंध स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी वेगळी सदने होती, आणि फसविल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक सदन होते. त्याचे नाव कृपा सदन. ज्या स्त्रियांना बाहेरचा समाज नाना नावांनी ओळखत होता, त्यांच्या घरावरच्या पाटीवर त्यांच्या दोषाचा उल्लेख नव्हता. त्यांना काय मिळणार आहे, त्याचा उल्लेख होता. झरी जामणीच्या मुलींना जे नाव दिले गेले, त्याच्या शेजारी हे नाव ठेवून पाहावे.

परंतु ही कथा इतकी सरळ नाही, आणि कार्यकर्त्यांसाठी तिचा गुंतागुंतीचा भागच अधिक उपयोगाचा आहे. इंग्लंडमधील वास्तव्यात रमाबाई आणि त्यांना धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात तीव्र मतभेद झाले. तो पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित केल्यावर ग्रंथरूपाने सर्वांसमोर आला. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांताविषयी प्रश्न विचारीत. चर्चने ठरविलेले सारे मत डोळे मिटून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. आहारात त्यांनी शाकाहार सोडला नाही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची संधी आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्यास विरोध केला आणि रमाबाईंना तो विरोध मान्य झाला नाही. या सगळ्यावर सिस्टर जेराल्डिन यांचा आक्षेप कोणता होता? गर्वाचा. रमाबाईंनी नम्र व्हावे, ऐकावे, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंचे उत्तर असे, की एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने झुगारल्यावर त्याच प्रकारचे दुसरे जोखड मानेवर घेणे त्यांना शक्य नाही.

येथे गर्विष्ठ कोण? शिष्येला नम्रतेचा उपदेश करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी रमाबाईंच्या लहानग्या मनोरमेवर माया केली. पण राज्यकर्त्यांच्या देशातील, राज्यकर्त्यांच्या चर्चमधील व्यक्तीने जित देशातील स्त्रीला नम्रता शिकविणे, यात एक उंची गृहीत धरलेली होती. 'गर्व' हा शब्द बलवानाच्या तोंडी गेला की तो दुर्बलाच्या स्वाभिमानावर उगारलेला दंडुका होतो. मजूर मान वर करून मजुरी मागतो, तेव्हा त्यालाही माजलेला म्हणतात. ख्रिस्ती कल्पनेतला गर्व हा मान वर करण्याचा दोष नाही. दुसऱ्याची मान खाली गेल्याखेरीज ज्याला स्वतःची उंची जाणवत नाही, त्याचा तो दोष आहे. विशेष असे, की त्याच रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी लिहून ठेवले, की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीने मिळविलेल्या धर्मावर विसंबणे हीही एक कमाईच असते, हे त्यांना स्वतःहून उमगले. कोणी बिशपाने त्यांना ते पटवून दिले नाही. नम्रता लादता येत नाही, हाच याचा अर्थ.

दुसरी गुंतागुंत अधिक अवघड आहे. शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. त्यावरून गदारोळ झाला. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू अशी, की स्वतःच्या घरात स्वतःचे दार बंद करण्यास त्या बांधलेल्या नव्हत्या. टीकाकारांची बाजू अशी, की आश्रय देणाऱ्याचे उघडे दार हे आश्रिताला निमंत्रणच असते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्या विधवांना तिसरे कोणतेच दार नव्हते, त्यांच्यासाठी दुसरे दार उघडण्याऐवजी रमाबाईंचे दार बंद करण्यातच ज्यांनी आपली सारी शक्ती वेचली, त्यांची टीका पोकळ होती, हे निर्विवाद. पण भाकरी, औषध किंवा शाळा यांच्या बदल्यात श्रद्धा अपेक्षिणे म्हणजे कृपेला किंमत लावणे होय. आणि किंमत लावली की ती कृपा उरत नाही. ही कसोटी रमाबाईंना लागू होते, सर्व धर्मांच्या सर्व सेवासंस्थांना लागू होते, आणि मतांच्या बदल्यात शिधा वाटणाऱ्या पुढाऱ्यालाही लागू होते.

ज्या धर्माने कृपेचे दार सताड उघडे असल्याचे सांगितले, त्याच्याच देवळांत जातीची दारे राहिली, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गोव्यातील काही चर्चच्या 'कॉन्फ्रारिया' नामक बंधुमंडळांत सदस्यत्व दीर्घकाळ जातीवरून ठरत असे. देशाच्या अनेक भागांत दलित ख्रिस्ती बांधवांना वेगळी बाके आणि वेगळी स्मशानभूमी अनुभवावी लागली. कायद्यानेही त्यांची कोंडी केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना मात्र अद्याप नाही. कृपेपुढे सारे सारखे, पण मंडळीत बसताना नाहीत आणि सवलतीच्या यादीतही नाहीत, अशी ही अवस्था आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनातले सोवळेओवळे कसे हळूहळू आणि किती ओढाताणीने गेले, हे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ज्या प्रांजळपणे सांगितले आहे, तो प्रांजळपणा संस्थांना क्वचितच साधतो.

अर्थात उघड्या दाराची ही दृष्टी ख्रिस्ती धर्माची मिरास नव्हे. कृपा सदनाच्या तीन-साडेतीन दशके आधी, १८६३ साली, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे. मूल न्यावे अथवा ठेवावे, हा त्यांचा अधिकार. ज्या जातीने फुल्यांना हीन लेखले, त्याच जातीच्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तेथे ना पूर्वजांच्या अपमानाचा हिशेब होता, ना बाप्तिस्म्याची अट. आणि मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून उपोषण केले, तेव्हा त्यांचा प्रश्न हाच होता. चोखोबाची समाधी ज्या देवळाच्या पायरीपाशी आहे, त्या देवळाचे दार चोखोबाच्या वंशजांना बंद का? कृपा देवाची, कुलूप मात्र माणसांचे!

आता समाजवादी कार्यकर्त्याच्या मनातला आक्षेप. शोषितांना कृपा नको, हक्क हवा. मालकाच्या उदारपणावर जगणे हीच तर गुलामी. हा आक्षेप योग्य आहे आणि तो सोडता कामा नये. परंतु द्राक्षमळ्याचा दृष्टांत पुन्हा वाचावा. पहाटेच्या मजुराला ठरलेली मजुरी पूर्ण मिळते. त्यातला एक पैसाही कापून शेवटच्याला दिलेला नाही. म्हणजे कृपा हक्काची जागा घेत नाही. हक्क पुरा झाल्यावर ती सुरू होते. जो मालक मजुरी बुडवितो आणि दिवाळीला लुगडे वाटतो, तो कृपावंत नव्हे, ऋणको होय. झरी जामणीच्या मुलीला पोटगी, मुलाला बापाचे नाव, गुन्हेगाराला शिक्षा, कुटुंबाला जमीन व काम, हे सारे हक्काचे आहे आणि ते भांडूनच मिळवावे लागेल. पण हे सारे मिळाल्यावरही गावाच्या पंगतीत तिच्या शेजारी पाट मांडला जाईल, याची हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही. ती जागा हक्काच्या पलीकडची आहे.

दुसरा आक्षेप याहून बोचरा. कृपा सर्वांना खुली, तर त्या मुलीला फसविणाऱ्यालाही खुली का? ख्रिस्ती उत्तर 'होय' असेच आहे. पण त्या उत्तराला एक दुसरी बाजू आहे. जक्कय हा मुख्य जकातदार आणि श्रीमंत. येशू आपण होऊन त्याच्या घरी जातो. आधी पश्चात्ताप कर, मग येतो, असे म्हणत नाही. मात्र ती भेट झाल्यावर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परतफेड जाहीर करतो. दार फुकट उघडते. आत गेलेला माणूस मात्र लुटीचा माल घेऊन तेथे बसू शकत नाही. हिटलरशाहीला विरोध करून एप्रिल १९४५ मध्ये फाशी गेलेले जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ च्या आपल्या ग्रंथात 'स्वस्त कृपे'वर कोरडे ओढले ते यासाठीच. ज्या क्षमेने काहीच बदलत नाही, ती क्षमा म्हणजे पाप्याला दिलेली पावती. फसविलेल्या मुलीने विसरून जावे, असा उपदेश करण्याचा अधिकार म्हणूनच कोणा धर्मगुरूला नाही आणि पंचांनाही नाही.

शेवटी प्रश्न कार्यकर्त्याचा. जन्माचा गर्व त्याने टाकलेला असतो, धनाचा त्याच्यापाशी नसतो. पण एक तिसरा गर्व त्याची वाट पाहत असतो, तो सेवेचा. पोडावर जाणारा कार्यकर्ता वीस वर्षांच्या तुरुंगवासांचा, मोर्च्यांचा, पदयात्रांचा हिशेब मनात घेऊन जातो. तो हिशेब परूश्याच्या उपवासांइतकाच खरा असतो आणि तितकाच घातक. आजच चळवळीत आलेल्या कोलाम तरुणीला सभेत त्याच्याइतकीच जागा मिळाली, की पहाटेच्या मजुरासारखी त्याची कुरकुर सुरू होते. शोमरोनी स्त्रीकडे प्रथम पाणी मागणाऱ्याचे उदाहरण अशा वेळी स्मरावे. पोडावर देण्यासाठी जाणारे पुष्कळ येऊन गेले. तेथल्या चावडीत बसून तिथल्या माणसांचा सल्ला मागणारे, त्यांची कोलामी शिकणारे, त्यांच्या घरचे पाणी पिणारे थोडे.

देवावर श्रद्धा असो वा नसो, एवढे कार्यकर्त्याला करता येईल. त्या मुलींना दिलेले ते दोन शब्द त्याने आपल्या अहवालांतून आणि भाषणांतून काढून टाकावेत, आणि जबाबदार पुरुषांची नावे मात्र पोलिस ठाण्यात आणि न्यायालयात न विसरता नोंदवावीत.